चाळणीखाली पडलेलं

परवा नात चार दिवस राहायला आली होती. ती पुण्याला बायोइन्फर्मेटिक्स शिकते. हा शब्द आमच्या घरात नीट म्हणता येणारी माणसं दोनच. एक ती स्वतः, आणि आता बऱ्याच सरावानंतर मी! दुपारी सगळे झोपले की ती लॅपटॉप घेऊन माजघरात बसायची. मीही तांदूळ निवडायच्या निमित्ताने शेजारी बसायचे. तिच्यासमोर काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. ती एक ओळ टाईप करायची, एन्टर दाबायची आणि वाट बघत बसायची.

मी विचारलं, "काय करतेस गं?"

"चाळतेय, आजी. डीएनएचे तुकडे. हजार अक्षरांपेक्षा लहान असतील ते काढून टाकतेय."

माझ्या हातात चाळण होती. मीही तेच करत होते, अखंड तांदूळ वर, कणी खाली! दोघी खूप हसलो. पण "काढून टाकतेय" हे तिने इतक्या सहज म्हटलं की मला जरा चमकायला झालं. मग त्या चार दिवसांत मी तिला प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं. इतिहास शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे कोणतीही गोष्ट "हे कधीपासून?" असं विचारल्याशिवाय मला समजतच नाही. जे समजलं ते इथे लिहून ठेवते. विज्ञानवाल्या मंडळींनी सांभाळून घ्यावं.

तर सुरुवात १९७७ पासून. आपल्याला हे साल आणीबाणी उठली आणि जनता सरकार आलं म्हणून आठवतं. मी तेव्हा नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये केंब्रिजला फ्रेडरिक सँगर यांनी डीएनए वाचायची आपली प्रसिद्ध पद्धत जाहीर केली. डीएनए म्हणजे चारच अक्षरांत लिहिलेली लांबच लांब ओळ. ए, सी, जी आणि टी. सँगर यांच्या पद्धतीत त्या ओळीच्या नकला करायच्या, पण प्रत्येक नक्कल मध्येच कुठेतरी थांबेल अशी व्यवस्था करायची. मग त्या अर्धवट नकला एका जेलच्या थरातून विजेच्या दाबाने पळवायच्या. लहान तुकडा पुढे पळतो, मोठा मागे राहतो. कोण किती पुढे गेला आणि कोणत्या अक्षरावर थांबला होता, हे ओळीने बघितलं की मजकूर वाचता येतो. म्हणजे तुकड्यांना लांबीप्रमाणे वेगळं करणं हा या विद्येचा श्रीगणेशाच आहे. सँगर यांना १९८० साली याबद्दल नोबेल मिळालं, आणि ते त्यांचं दुसरं. पहिलं १९५८ सालचं, इन्शुलिनच्या रचनेबद्दलचं.

आता गंमत बघा. १९७७ सालीच, समुद्रापलीकडे अमेरिकेत, बेल लॅबोरेटरीजमध्ये आहो, वाईनबर्गर आणि कर्निघन या तिघांनी एक छोटी संगणक-भाषा तयार केली. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं घेऊन तिचं नाव ठेवलं ऑक. काम एकच. फाईल ओळीओळीने वाचायची, आणि आपण घातलेल्या अटीत बसेल ती ओळ उचलायची. "या ओळीची लांबी किती?" हे तिला विचारता येतं. डीएनएचा आणि या लोकांचा काहीही संबंध नव्हता. पण आज नात काळ्या पडद्यावर जी ओळ टाईप करते ती याच ऑकमधली. एकाच वर्षी जन्मलेली ही दोन भावंडं, एक केंब्रिजचं आणि एक न्यू जर्सीचं, पुढे एकाच घरात नांदायला आली.

पण मुळात चाळायचं कशाला? तर कोणत्याही यंत्राला आख्खा डीएनए एका दमात वाचता येत नाही. सँगर पद्धतीने सुरुवातीला एका वेळी दोन-तीनशे अक्षरं वाचून व्हायची, पुढे यंत्रं आल्यावर सात-आठशे. माणसाचा मजकूर मात्र सुमारे ३१० कोटी अक्षरांचा. मग उपाय काय? पोथीच्या पुष्कळ प्रती घ्यायच्या, सगळ्या फाडायच्या, प्रत्येक कपटा वाचायचा, आणि एका कपट्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीशी जुळतो का ते बघत पोथी परत उभी करायची. हे जुळवणीचं काम संगणकावर सोपवायची रीत केंब्रिजच्याच रॉजर स्टेडन यांनी १९७९ साली मांडली. या कपट्यांना ही मंडळी 'रीड' म्हणतात.

आता कपटा फार लहान असेल तर? समजा एका कपट्यावर नुसतं "आणि" एवढंच लिहिलंय. तो पोथीत कुठे लावणार? "आणि" तर पानोपानी! नातीने मला इथे गणित घातलं. (माझं बीए इतिहास-मराठीचं. गणिताशी मॅट्रिकनंतर बोलणं नव्हतं. तरी केलं.) चार अक्षरांपासून एका अक्षराचे ४ शब्द होतात, दोन अक्षरांचे १६, तीन अक्षरांचे ६४. असं चौपट करत गेलं की दहा अक्षरांचे १०,४८,५७६. म्हणजे ३१० कोटी अक्षरांच्या पोथीत कोणताही दहा अक्षरी शब्द नुसत्या योगायोगाने तीनेक हजार वेळा सापडेल. सोळा अक्षरांपर्यंत गेलं की शब्दांची संख्या ४२९ कोटींवर जाते, पोथीपेक्षा जास्त. तिथून पुढे कपट्याची जागा एकच असण्याची आशा धरता येते.

आशाच, कारण निसर्ग काही पाटी पुसून लिहीत नाही. आपल्या डीएनएत पुन्हा पुन्हा येणारा मजकूर निम्म्याच्या आसपास आहे. 'अलू' नावाची सुमारे तीनशे अक्षरांची एक ओळ तर दहा लाखांहून जास्त ठिकाणी थोड्याफार फरकाने आलेली आहे. आरतीतल्या ध्रुवपदासारखी. नुसतं ध्रुवपद ऐकून कितवं कडवं चाललंय ते कसं सांगणार? त्यासाठी ध्रुवपदाच्या अलीकडचं-पलीकडचंही हातात यायला हवं. म्हणून कपटा जितका लांब तितकं बरं.

मानवी जनुकसंचयाचा प्रकल्प १९९० साली सुरू झाला आणि २००३ साली पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. मी त्या वर्षी नववीच्या वर्गात वर्तमानपत्रातलं कात्रण वाचून दाखवलं होतं. "माणसाचं पुस्तक पूर्ण वाचून झालं" असं मोठ्या ऐटीत सांगितलंही होतं. ते खरं नव्हतं, हे मला आता कळतंय! सुमारे ८ टक्के मजकूर तेव्हा वाचायचाच राहिला होता, आणि त्याचं मुख्य कारण हेच की तिथे ध्रुवपदच ध्रुवपद होतं आणि कपटे पुरेसे लांब नव्हते. पुढे २००६ च्या सुमारास नवीन यंत्रं आली ती एका वेळी कोट्यवधी कपटे वाचायची, पण एकेक कपटा तीसेक अक्षरांचा. पुढे ते शंभर-दीडशेपर्यंत गेले. काम स्वस्त झालं, कपट्यांचे ढीग पडले, पण ती राहिलेली जागा त्यांनी भरेना.

ती भरली दुसऱ्या तऱ्हेच्या यंत्रांनी. एका सूक्ष्म छिद्रातून डीएनएचा धागा ओढायचा आणि विजेच्या प्रवाहात होणारा बदल मोजून अक्षरं ओळखायची, असं एक यंत्र निघालं. त्यात एक लाख अक्षरांचे सलग कपटे मिळतात. एकदा तर २० लाखांहून मोठा कपटा वाचला गेला. सुरुवातीला चुका फार व्हायच्या, पण लांबी मिळाली. दुसऱ्या एका तंत्राने वीस हजारांच्या आसपासचे, पण फार अचूक कपटे दिले. हे दोन्ही हाताशी धरून कॅरेन मिगा आणि अ‍ॅडम फिलिपी यांच्या पुढाकाराने जमलेल्या शास्त्रज्ञांनी २०२२ साली तो राहिलेला भाग पूर्ण केला. सुमारे २० कोटी नवीन अक्षरं! माझ्या २००३ च्या नववीला हे सांगायचं राहूनच गेलं.

तर नात जो डबा चाळत होती तो अशाच छिद्रवाल्या यंत्रातून आलेला. त्यात लांब तुकडे असतात तसा बारीक चुराही असतो. जुळवणीच्या वेळी हा चुरा फायद्याचा नसतो, उलट संगणकाचा वेळ खातो आणि चुकीच्या जागी जाऊन बसतो. म्हणून हजाराखालचे वगळायचे.

ही चाळण लावताना एक पथ्य असतं. त्या फाईलमध्ये एका कपट्याच्या चार ओळी असतात. पहिलीत नाव, दुसरीत अक्षरं, तिसरीत अधिकचं चिन्ह, आणि चौथीत प्रत्येक अक्षर किती खात्रीचं आहे त्याची खूण. लांबी मोजायची दुसऱ्या ओळीची, पण ठेवायच्या किंवा वगळायच्या त्या चारही. नुसत्या आखूड ओळी काढत सुटलात तर तिसरी ओळ सगळीकडून उडेल आणि आख्खी फाईल विस्कटेल! आता यासाठी सेककिट, कटअ‍ॅडॅप्ट अशी खास हत्यारंही आहेत. त्यांना नुसतं "कमीत कमी लांबी हजार" एवढं सांगितलं की पुरतं.

मला हे सगळं पटलं. लहान ते टाकाऊ, लांब ते कामाचं. झालं! पण नात म्हणाली, "थांब. माझी मैत्रीण बरोबर उलटं करते."

ही मैत्रीण जुन्या हाडांतल्या डीएनएवर काम करते. माणूस मेला की त्याच्या पेशींतला डीएनए तुटायला लागतो. हजारो वर्षांनी हाडात जे उरतं ते चाळीस-पन्नास-साठ अक्षरांचे कपटे, आणि शंभराच्या वर फार थोडे. मग एखाद्या जुन्या हाडात हजारांचा सलग कपटा सापडला तर? आनंद नाही, संशय! तो बहुतेक हाड हाताळणाऱ्या माणसाचा, नाहीतर मातीतल्या जंतूंचा.

याचं उदाहरण फार बोलकं आहे. स्वीडनचे स्वांते पेबो यांनी विद्यार्थीदशेत इजिप्तच्या ममीतून डीएनए काढला, आणि १९८५ साली तो शोध गाजला. तुकडा होता ३,४०० अक्षरांचा. इतका मोठा तुकडा इतक्या जुन्या देहात टिकणं शक्य नाही, तो बहुधा आजच्याच कोणा माणसाचा असणार, हे पुढे खुद्द पेबो यांनी मान्य केलं. ज्या लांबीमुळे तो मोलाचा वाटला त्या लांबीनेच त्याचं खोटेपण उघडं केलं. मग पेबो यांनी काय केलं, तर हातमोजे, बंद खोल्या, कपट्यांच्या टोकाला पडलेले झिजेचे डाग तपासणं, अशी सोवळ्याहून कडक शिस्त लावली. २०१० साली निअँडरथल माणसाचा जनुकसंचय त्यांनी असल्याच चुऱ्यातून उभा केला. २०२२ साली त्यांना नोबेल मिळालं.

चाळण तिथेही असतेच. तीस-पस्तीस अक्षरांच्या खालचे कपटे तेही सोडून देतात, कारण वर सांगितलेलं गणित. तितके लहान तुकडे कुठेही चिकटतात, जंतूचा तुकडासुद्धा माणसाचा म्हणून खपून जातो. पण हजार कुठे आणि तीस कुठे! चाळणीची भोकं कशासाठी चाळतोय त्यावर ठरतात.

आपल्याकडचंही उदाहरण आहे, आणि ते पुण्याशी जोडलेलं आहे. हरियाणातल्या राखीगढी इथे डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे सरांनी उत्खनन केलं. सिंधू संस्कृतीच्या काळातली ती दफनभूमी. आपली हवा उष्ण, आणि उष्णतेत डीएनए फार लवकर विरतो. त्यामुळे ६१ नमुने तपासले आणि त्यातल्या एकाच्याच, एका स्त्रीच्या, सांगाड्याने दाद दिली. तीही जेमतेम. पुन्हा पुन्हा प्रयत्न करून तो चुरा गोळा केला, आणि २०१९ साली शिंदे सर, हार्वर्डचे डेव्हिड राइश आणि त्यांचे सहकारी यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यावर वाद पुष्कळ झाले, त्यात मी पडत नाही. मला एवढंच म्हणायचंय की नातीची हजाराची चाळण तिथे लावली असती तर हातात काही उरलंच नसतं, आणि जे उरलं असतं ते त्या बाईचं नसतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ती गोष्ट.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शिकवत होते. १९७८ सालची सहामाही, आठवीचा पेपर. मी प्रश्न काढला होता, "१९७२ च्या दुष्काळाची कारणे लिहा. गुण ५." ही मुलं दुष्काळात सात-आठ वर्षांची होती. सुकडी खाऊन, मिलोच्या भाकरी खाऊन मोठी झालेली. आमचा तेव्हा अलिखित नियम असा की पाच गुणांना निदान दहा ओळी. पेपर गठ्ठ्याने तपासायचे असत, आणि खरं सांगायचं तर आम्ही आधी उत्तराची लांबी बघायचो आणि मग मजकूर. मीही त्यातलीच.

एका मुलाने दोन ओळी लिहिल्या होत्या. "पाऊस नव्हता. विहीर होती पण ती आमची नव्हती."

मी अर्धा गुण दिला. शेजारी लाल शाईने लिहिलं, "उत्तर अपुरे." ज्या मुलांनी पुस्तकातला परिच्छेद उतरवून काढला होता त्यांना चार-चार गुण दिले. पुढच्या वर्षी तो मुलगा नववीत दिसला नाही. माझ्या अर्ध्या गुणामुळे नव्हे. घरचे ऊसतोडीला गेले, त्यांच्याबरोबर तोही गेला. पण जाताना शाळेने त्याला शेवटचं जे सांगितलं त्यात "अपुरे" हाही शब्द होता, आणि तो माझ्या हातचा होता.

वीस वर्षांनी, १९९८ साली, अमर्त्य सेन यांना नोबेल मिळालं. वर्तमानपत्रातून त्यांच्या १९८१ सालच्या पुस्तकाविषयी वाचलं. त्यांचं म्हणणं असं, की दुष्काळात माणसं मरतात ती केवळ धान्य नसतं म्हणून नव्हे, तर असलेल्या धान्यापर्यंत पोचण्याचा हक्क त्यांच्याकडे नसतो म्हणून. मी पेपर खाली ठेवला. विहीर होती पण ती आमची नव्हती! तेरा-चौदा वर्षांच्या पोराने दोन ओळींत तेच लिहिलं होतं, आणि मी ते चाळणीखाली टाकलं होतं.

हे मी आजवर फारसं कोणाला सांगितलेलं नाही. नातीला परवा सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "आजी, तो पेपर आहे का अजून?"

नाही गं बाई. जुने पेपर काही दिवस कपाटात ठेवायचे आणि मग रद्दीत घालायचे, अशीच पद्धत होती. ते दोन वाक्य मला पाठ आहे, पण गठ्ठ्यातल्या बाकीच्या किती आखूड उत्तरांत काय काय होतं, ते आता कोण सांगणार? मला आठवतंय ते एकच, कारण सेन यांनी त्याची आठवण करून दिली.

तेव्हा तिने मला तिच्या कामातली पहिली शिस्त सांगितली. मूळ फाईलला कधी हात लावायचा नाही. चाळलेलं नवीन फाईलमध्ये घ्यायचं, मूळ तशीच ठेवायची, आणि चाळणी कितीची लावली ते निबंधात लिहायचं. आणि निबंध छापून आला की मूळ कपटे बहुधा सार्वजनिक कोठारात ठेवावे लागतात, कोणीही उतरवून घेऊ शकतं. २०२२ साली काही शास्त्रज्ञांनी असे दुसऱ्यांनी साठवलेले सुमारे ५७ लाख नमुने नव्याने चाळून बघितले. ज्यांनी ते गोळा केले होते त्यांना भलतंच काहीतरी हवं होतं. या मंडळींनी त्यातून एक लाख तीस हजारांवर नवे आरएनए विषाणू शोधून काढले. पहिल्यांनी केर म्हणून सोडलं, पण फेकलं नाही, म्हणून दुसऱ्यांना सापडलं.

मी "म्हणजे चाळणं वाईट" असं म्हणणार होते. पण ते खरं नाही. चाळल्याशिवाय चालत नाही. चाळीस मुलांचे चाळीस पेपर चार दिवसांत तपासायचे म्हणजे काहीतरी माप लागतंच. माझं चुकलं ते दोन ठिकाणी. प्रश्न कारणांचा होता आणि मी माप ओळींचं लावलं. आणि जे खाली पडलं ते एकदा सुपात घेऊन बघितलं नाही.

आमच्या आईकडे तांदूळ चाळून झाले की कणी वेगळ्या डब्यात जायची. भाताला चालायची नाही, पण आजारी माणसाला पेज करायची तर आई तोच डबा काढायची. तांदळाला हात लावायची नाही. म्हणायची, पेजेला कणीच लागते.

असो. नात गेली पुण्याला. जाताना मला ती ऑकची ओळ एका वहीत लिहून देऊन गेली, आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय, "मूळ फाईल जपून ठेवणे." मी तिच्याखाली लाल शाईने बरोबरची खूण केली आणि पाचपैकी पाच गुण दिले. एकच ओळ होती.